पन्हाळ्यावरचं लॉन: माप मे महिन्याचं

पावसाळ्यात पन्हाळ्यावर गवत लावावं लागत नाही. तटाच्या फटींत, कौलांच्या वळचणीला, पायवाटेच्या दोन्ही कडांना ते आपसूक उगवतं. जुलैत गडावर आलेल्या माणसाला त्यामुळे वाटतं, इथे घरापुढे लॉन करण्यात अवघड ते काय? एप्रिल संपता संपता तोच माणूस नर्सरीत जाऊन विचारतो, गवत जळालं कशानं? पावसात कोणाचंही अंगण हिरवं असतं. लॉन चांगलं आहे की नाही हे मे महिन्यात कळतं, आणि मे महिन्यात ते तगणार की नाही हे मातीच्या वरच्या सहा इंचांत ठरतं. लॉनची निगा म्हणून आपण जे जे करतो, कापणं, पाणी, खत, ते सगळं दिसतं पात्यांवर, पण खरं चाललेलं असतं मुळांसाठी. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची कामं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप सुचत जातात.

गडाचं हवामान आणि जांभा

पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. वीसेक किलोमीटरवरचं कोल्हापूर त्याच्यापेक्षा हजारभर फूट खाली. त्यामुळे गडावरची हवा शहरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड, वारा जास्त, आणि जून ते सप्टेंबर पाऊस व धुकं यांचंच राज्य. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभा तयार होतो तोच मुळी पाऊस आणि उष्णता यांच्या दीर्घकाळच्या कामातून. खडकातली विरघळणारी द्रव्यं, चुन्यासारखे क्षार, पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात. म्हणून इथली माती तांबडी, आम्लधर्मी, पाणी झटकन खाली सोडणारी आणि अन्नद्रव्यांत गरीब. शिवाय ती बहुतेक ठिकाणी पातळ असते. फूटभर खणलं की पहार दगडावर वाजते.

या जमिनीवर निसर्ग काय करतो ते पाहायचं तर जवळच्या मसाई पठारावर जावं. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये विशाळगडाकडे निघाले, ते याच पठारावरून. तिथलं गवत पावसाबरोबर वाढतं, दिवाळीच्या आसपास बी टाकतं आणि वाळून सोनेरी होतं. एका हंगामाचा संसार. लॉन लावताना आपण याच जमिनीकडे बारा महिने हिरवं राहण्याचा हट्ट धरतो. हट्ट पुरा होऊ शकतो, पण त्यासाठी जमिनीत नसलेलं काय काय द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं.

गवत कापलं तरी मरत का नाही

बहुतेक झाडांची वाढ शेंड्याकडून होते. शेंडा खुडला की वाढ थांबते किंवा बाजूला फुटते. गवताचं तसं नाही. त्याचा वाढीचा बिंदू मातीलगत, बुडख्यात दडलेला असतो आणि पातं खालून वर ढकललं जातं. टोक गुरानं खाल्लं काय किंवा मशीननं कापलं काय, बुडखा शाबूत असेपर्यंत पातं वाढत राहतं. लॉनसाठी वापरतात ती गवतं आडवीही पसरतात. काही जमिनीवरून धावणाऱ्या खोडांनी, काही मातीखालच्या खोडांनी, काही दोन्हींनी. प्रत्येक पेराला नवी मुळं आणि नवा कोंब फुटतो. लॉन दाट होतं ते या आडव्या वाढीमुळे.

पातं अन्न तयार करतं आणि मुळं त्या अन्नावर जगतात. पाती फार आखूड केली तर गवत साठवलेलं अन्न खर्चून आधी पाती भरून काढतं आणि मुळांची वाढ थांबवतं. वारंवार तसंच होत राहिलं तर मुळं इंचभर खोलीतच घुटमळतात. पावसाळ्यात ही उणीव दिसत नाही, कारण पाणी वरच असतं. मार्चमध्ये वरचा इंचभर थर सुकला की एकदम दिसते.

कोणतं गवत घ्यावं

पाकिटावर हिरवंगार चित्र आणि थंड देशांतल्या गवताचं बी, असा माल घेऊ नये. युरोपातली रायसारखी गवतं थंडीत जोमानं वाढतात आणि आपल्या उन्हाळ्यात माना टाकतात. आपल्याला उष्ण हवेची गवतं हवीत. ती सत्तावीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान खुशीत वाढतात आणि पंधरा अंशांखाली मंदावतात. गडावर डिसेंबर-जानेवारीत लॉन थोडं फिकं पडतं ते यामुळेच. तो रोग नव्हे.

पहिला मान हरळीचा. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. जगभर खेळाच्या मैदानांवर बर्म्युडा नावानं वापरतात तीही हीच. नर्सरीत ‘सिलेक्शन नंबर वन’ म्हणून मिळणारं गवत म्हणजे हरळीचाच बारीक पानाचा निवडक प्रकार. तुडवणं सोसतं, उन्हाळ्यात पाणी तुटलं तर वाळल्यासारखं होऊन मातीखालच्या खोडांतून पुन्हा फुटतं. अट एकच, दिवसाला निदान सहा तास स्वच्छ ऊन.

दुसरं, मेक्सिकन आणि कोरियन कार्पेट. ही झोयसिया जातीची गवतं. दाट, मऊ, हळू वाढणारी, म्हणून कापणी कमी. थोडी सावली चालते. पण कुठे उखडलं तर भरून यायला महिने लागतात, आणि कोरियन न कापता सोडलं तर उंचवटे धरतं.

मोठ्या झाडाखालच्या दाट सावलीत मात्र कुठल्याच गवताशी भांडू नये. तिथे जांभ्याचे चिरे बसवावेत, फटीत नेचे लावावेत. बसायला जागाही होते.

माती: ब्रासचा हिशेब

पाया एकदाच घालता येतो, म्हणून खर्च करायचा तो इथे. मुळांना निदान सहा इंच भुसभुशीत माती हवी. अर्धा गुंठा, म्हणजे साधारण पन्नास चौरस मीटर लॉन धरू. सहा इंचांच्या थराला साडेसात घनमीटर माती लागते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरहून किंचित जास्त. टाकलेली माती बसते, हे धरून तीन ब्रास सांगावी.

नुसती तांबडी माती पावसात घट्ट बसते आणि वर पापडी धरते. नदीकाठची काळी माती आणली तर पाणी धरते, पण गडाच्या पावसात चिखल होतो आणि उन्हात भेगाळते. मधला मार्ग म्हणजे तांबडी माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि जाड वाळू यांचं मिश्रण. निम्मी माती आणि उरलेल्यात खत व वाळू सारखी, या प्रमाणापासून सुरुवात करून मातीच्या पोताप्रमाणे कमी-जास्त करावं. शेणखत कुजलेलंच हवं. कच्च्या खतातून तणाचं बी आणि किडी येतात.

लावणीआधी मातीची चाचणी करून घ्यावी. कोल्हापुरात तशी सोय आहे आणि खर्च मातीच्या एका खेपेपेक्षा कितीतरी कमी. सामू सहा ते सातच्या दरम्यान असेल तर गवत खूश. त्याहून खाली असेल तर शेतीचा चुना मिसळावा, आणि किती, ते चाचणीच्या अहवालावरून ठरवावं. जांभ्याच्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, मुळांना मिळू देत नाहीत. म्हणून सुपर फॉस्फेट नुसतं मातीवर न फेकता शेणखतात कालवून मुळांच्या थरात मिसळतात.

आता उतार. सपाट लॉन डोळ्याला छान, पण इथल्या पावसात ते तळं होतं. घरापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना दोन इंच एवढा उतार ठेवावा. डोळ्याला कळतही नाही आणि पाणी वाहून जातं. उतार याहून बराच जास्त असेल तर चिऱ्यांचा बुटका बांध घालून जागेच्या दोन पायऱ्या कराव्यात, नाहीतर आणलेली माती पहिल्याच आषाढात शेजाऱ्याच्या परड्यात जाते.

लावणीची वेळ

सगळीकडे लॉन मृगावर लावतात. गडावर तो मुहूर्त धोक्याचा. मुळं धरण्याआधीच धो धो पाऊस कोंब उपटून नेतो, आणि ढगाळ हवेत उन्हाअभावी वाढही रखडते. इथे पाऊस ओसरू लागतो तेव्हाची, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासूनची वेळ बरी. जमीन ओली, ऊन परतलेलं, थंडीला अजून अवकाश. घाईच असेल तर मुळांसकट तयार चटया अंथरता येतात. महाग पडतात, पण माती लगेच झाकली जाते.

हरळीच्या मुळं असलेल्या काड्या तीन-तीन इंचांवर टोचतात, दोन पेरं मातीत आणि एक वर. मग हलका रोलर फिरवायचा, म्हणजे मुळं मातीला भिडतात. पहिले पंधरा दिवस माती सतत ओलसर ठेवायची. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकली जाते. पहिली कापणी गवत ओढून पाहिल्यावर उपटून येत नसेल तेव्हाच.

कापणी: एक तृतीयांशाचा नियम

एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त कधी नाही. हरळी दीड इंचावर ठेवायची असेल तर ती सव्वादोन इंच झाली की कापावी. पावसाळ्यात त्यासाठी आठवड्याला कापावं लागेल, थंडीत महिनाभरही लागणार नाही. कॅलेंडर पाहून नव्हे, गवत पाहून कापायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला उंची अर्ध्या इंचानं वाढवावी. उंच पाती मातीवर सावली धरतात आणि मुळं खोल जातात.

मशीनचं पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट दिसतात आणि तिथून बुरशी शिरते. बांधावरचं रान काढायच्या ग्रास कटरनं लॉन कापणं टाळावं, त्याला एकसारखी उंची धरता येत नाही आणि बुडखे खरवडले जातात. ओलं गवत कापू नये, हे पुस्तकात ठीक. गडावर श्रावणात कोरडा दिवस शोधायचा तर लॉन गुडघ्याला येईल. तेव्हा उघडीप मिळेल ती धरावी, काठीनं पाणी झटकावं आणि उंची एक घर वर ठेवून कापावं.

कोरड्या दिवसांत बारीक कापलेलं गवत तिथेच राहू द्यावं. ते कुजून नत्र परत देतं. पावसाळ्यात मात्र त्याचे लगदे होतात, ते दाताळ्यानं ओढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत. आणि एक कोपरा भाद्रपदात न कापता ठेवावा. गणपतीच्या दिवसांत आळीतल्या पोरांना दूर्वा कुठे मिळते ते बरोबर ठाऊक असतं.

पाणी: कमी वेळा, खोलवर

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला साधारण पंचवीस मिलिमीटर लागतं. अर्ध्या गुंठ्याला म्हणजे साडेबाराशे लिटर, महिन्याला पाच हजारांच्या वर. हा आकडा लॉन लावण्याआधी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा.

हे पाणी रोज संध्याकाळी पाईप धरून शिंपडायचं नसतं. रोजच्या शिंपडण्यानं वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं तिथेच रेंगाळतात, आणि ओली पाती रात्रभर बुरशीला आमंत्रण देतात. आठवड्यातून दोनदा, भल्या सकाळी, सहा इंच ओल जाईल एवढं द्यावं. ओल गेली का हे पाहायला लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसावा. सहज शिरतो तिथवर ओल आहे. पाणी वाहू लागलं तर थांबावं, अर्ध्या तासानं उरलेलं द्यावं. पाण्याची खरी गरज गवतच सांगतं. चाललेली पावलं लॉनवर तशीच उमटून राहिली, हिरव्यात राखाडी झाक आली, की पाणी हवं. पावलांखालचं गवत लगेच उठलं तर नको.

पाणी फारच तुटलं तर हरळीला झोपू द्यावं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा बुडखे जिवंत राहण्यापुरतं भिजवावं, खत बंद, चालणं बंद. पिवळं लॉन लाजिरवाणं दिसतं, पण वळवाच्या दोन सरींत ते जागं होतं. थोडं थोडं शिंपडून अर्धवट जागं ठेवलेलं गवत मात्र दमून मरतं.

खत: पावसाचा वाटा ओळखून

गवताला सगळ्यात जास्त लागतं नत्र, आणि पावसात सगळ्यात आधी वाहून जातं तेही नत्र. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये युरिया टाकणं म्हणजे तो दरीत ओतणं. पावसानंतर दसरा-दिवाळीच्या दरम्यान एक हप्ता, फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी सरल्यावर दुसरा. युरियात सेहेचाळीस टक्के नत्र असतं. चौरस मीटरला दहा ग्रॅम पुरे, म्हणजे अर्ध्या गुंठ्याला अर्धा किलो. निम्मा आडवा, निम्मा उभा फेकावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. पाती कोरडी असताना टाकावा आणि लगेच पाणी द्यावं, नाहीतर पाती करपतात.

वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, जमीन मोकळी करावी. पावसानं आणि पायांनी माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. बागेचा काटा तीन-चार इंच खोल खुपसून किंचित हलवायचा, वीतभर अंतरानं सगळीकडे. मग चाळलेली माती, वाळू आणि कंपोस्ट यांची पाच मिलिमीटर पुरण पसरून झाडूनं भोकांत लोटायची. अर्ध्या गुंठ्याला ही अडीचशे लिटर लागते. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत.

तण, शेवाळ आणि हुमणी

तण ही बहुतेक वेळा मोकळ्या जागेची तक्रार असते. टाकळा, गाजर गवत, आंबुशी खुरप्यानं निघतात, फक्त फुलावर येण्याआधी काढायची. लव्हाळा वेगळा. त्याच्या जमिनीखाली गाठींची माळ असते. वरून ओढला की पातं हाती येतं आणि गाठी नव्यानं फुटतात. माती ओली असताना गाठीसकट खणायचा आणि दर पंधरवड्याला तेच करायचं. गाठीतला साठा संपला की तो हरतो. शेवाळ मात्र तण नव्हे, ते लक्षण आहे. सावली, दबलेली माती आणि साचलेलं पाणी यांपैकी काय आहे ते शोधायचं. नुसतं खरवडून ते पुढच्या आषाढात हजर होतं.

कोल्हापूरच्या ऊस शेतकऱ्याला हुमणी सांगावी लागत नाही. लॉनवाल्याला सांगावी लागते. मे-जूनमध्ये वळवाच्या जोरदार सरीनंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. पांढरी, वाकडी अळी पावसाळाभर मुळं खाते. ओल भरपूर असल्यानं गवत ऑगस्टपर्यंत हिरवंच दिसतं, मग उघडीप मिळताच ठिगळं पिवळी पडतात आणि गवत गालिच्यासारखं उचलून येतं. कावळे, साळुंख्या एकाच जागी टोचत असतील तर तिथला चौरस फूटभर तुकडा उचलून पाहावा. पाच-सहाहून जास्त अळ्या असतील तर उपाय हवा. सगळ्यात स्वस्त उपाय मे महिन्यातच असतो. संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्यानं करून भागत नाही, आळीनं मिळून करावं लागतं. जूनमध्ये मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या शेणखतातून मातीत मिसळतात. ओल्या मातीत ती अळीवर वाढते. कृषी सेवा केंद्रात तिची भुकटी मिळते.

वर्षभराची कामं, थोडक्यात

मेच्या अखेरीस उतार आणि पाण्याच्या वाटा साफ करणे, भुंगेरे गोळा करणे. जून ते ऑगस्ट कापणी, तण, आणि चिखलात लॉनवर न चालणे. सप्टेंबरला हुमणीची तपासणी आणि नवी लावणी. दसरा-दिवाळीला जमीन मोकळी करणे, पुरण, पहिलं खत. हिवाळ्यात जवळजवळ विश्रांती. होळीच्या आधी दुसरं खत, पाणी खोलवर देण्याची सवय. एप्रिलपासून उंची वाढवणे आणि टाकीकडे पाहून चालणे.

किती लॉन?

शेवटचा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा. जागा आहे तेवढं लॉन, असा हिशेब पावसाळ्यात सुचतो. त्याऐवजी मे महिन्यात घरचा वापर भागवून आठवड्याला किती लिटर पाणी बाजूला निघतं ते मोजावं आणि त्या आकड्याला पंचवीसनं भागावं. येईल तेवढे चौरस मीटर लॉन करावं. पाचशे लिटर निघत असेल तर वीस चौरस मीटर. चार खुर्च्या, एक चहाचं टेबल आणि रांगणारं मूल एवढ्या जागेत मावतं. उरलेल्या परसात मसाई पठाराचीच रीत चालू द्यावी. पावसात उगवेल ते उगवू द्यावं, बी पडल्यावर विळ्यानं कापून घ्यावं. जमिनीच्या स्वभावाप्रमाणे ती बाजू वाळेल, आणि तिचं राखलेलं पाणी वीस चौरस मीटरांची मुळं मेभर जगवेल.